शाळेचा सालदार

मिरचीचा वास आधी नाकाला कळत नाही. तो सरळ घशात उतरतो, तिथे क्षणभर दबा धरून बसतो, आणि मग एकाएकी डोळ्यांतून बाहेर पडतो. नंदुरबारच्या स्टेशनाबाहेर येऊन मी रिक्षात बसले, आणि गाडी पहिल्या वळणावर आली नाही तोच माझे डोळे वाहू लागले. आरशातून रिक्षावाल्याने पाहिले असावे. त्याने वेग कमी केला.

"कोनी वारी गयं का, माय?" त्याने हळूच विचारले. कोणी गेले का?

"नही रे भाऊ. मिरची शे."

तो हसला, आणि मीही पदराने डोळे टिपत हसले. पण कोरीट गावाच्या रस्त्याला लागेपर्यंत मला वाटत राहिले, की त्याच्या प्रश्नाला मी अर्धेच उत्तर दिले आहे.

रस्त्याकडेला पथाऱ्या, म्हणजे मिरची वाळत घालायची मैदाने, सुरू झाल्या. मी रिक्षा थांबवून उतरले. ज्याने त्या पाहिल्या नाहीत त्याला कसे सांगावे? पौषातले कोवळे ऊन, आणि दृष्टी पोहोचेल तिथवर जमिनीवर अंथरलेली लाल मिरची. जणू जमिनीची कातडी सोलून ती वाळत घातली आहे. मधल्या पाऊलवाटांवरून डोक्याला फडकी गुंडाळलेल्या बाया मिरची वरखाली करत होत्या, आणि कडेच्या सावलीत काहीजणी ओळीने बसून देठ मोडत होत्या. टक्, टक्, टक्. इतका बारीक आवाज, की तो कानांपेक्षा बोटांनाच अधिक ओळखू यावा. एकीने शेजारची बाटली उचलली, तळहातावर तेल ओतले आणि बोटे एकमेकांत गुंफून ती चोळू लागली. शेंगदाण्याच्या तेलाचा तो गोडसर, कच्चा वास मिरचीच्या धगीत मिसळला, आणि मी जिथे उभी होते तिथे उभी राहिलेच नाही.

मी आमच्या शाळेच्या ओट्यावर होते.

तेव्हा नंदुरबार हा जिल्हा नव्हता. आम्ही पश्चिम खानदेशात राहत होतो. वर्गातला नकाशा कापडाचा होता. त्यावर तापीची निळी रेघ इतक्या बोटांखालून गेली होती, की ती मधेच पुसली गेली होती, आणि आम्हाला वाटे, नदी खरेच तिथे जमिनीखाली जात असावी. शाळा चार खोल्यांची, कौलारू. पुढे लांब ओटा, ओट्याला लागून कडुनिंब. फाल्गुनात निंबाची पाने ओट्यावर झडत, आणि सकाळी त्यांच्यावरून झाडू फिरे तेव्हा होणारा तो खरखरीत सुस्कारा म्हणजे आमच्यासाठी शाळा उघडल्याची खूण.

तो झाडू हेडमास्तरांच्या हातात असे. शाळेला शिपाई नव्हता. मागणीचा कागद वर गेला होता आणि वरच राहिला होता. गुरुजी किडकिडीत, उंच, पुढे किंचित झुकलेले. काळी टोपी, धोतर आणि गळ्यापर्यंत गुंड्यांचा तपकिरी कोट. सकाळी आल्यावर ते तो कोट दाराआडच्या खुंटीला अडकवत. कोट खुंटीवर गेला, की हेडमास्तरही खुंटीवर गेले. मग जो माणूस उरे तो ओटा झाडे, रांजण भरी, लहानग्यांची नाके पुशी. अकराची घंटाही तोच देई, आणि टोल विरण्याच्या आत कोट अंगात चढवून, गुंड्या लावत, प्रार्थनेला पुढे उभा राही. त्यांच्या आवाजात तोवर दुसरी भाषा आलेली असे. कोटातली भाषा पुस्तकाची होती: स्वच्छ, काना-मात्रा जागच्या जागी. ओट्यावरची भाषा आमच्या घरांची होती, अहिराणी. आम्हा मुलांना दोन्ही येत. कोणती कुठे थांबते हेही आम्हाला ठाऊक असे: उंबऱ्याशी. ओट्यावरचा शब्द वर्गात नेऊ नये, हा नियम कोणी शिकवला नव्हता; चपला जशा बाहेर राहत तसे ते शब्द बाहेर राहत.

हिवाळ्यात मिरचीचा हंगाम लागे, आणि शाळेतली निम्मी मुले पहाटे पथाऱ्यांवर देठ मोडायला जाऊ लागत. सर्वांत मोठ्या पथाऱ्यांपैकी एक आमची, म्हणजे माझ्या वडिलांची होती. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. माझ्या बाकावर बसणारी मोगी आमच्याच पथारीवर येई. तिचे आईबाप सातपुड्यातून उतरून आले होते. घरात ती भिली बोले, पथारीवर अहिराणी, वर्गात मराठी, आणि तिन्ही भाषांत तिला हसू लवकर येई. हात मात्र तिचे नेहमी बंद असत. मुठी वळून ती शाळेत येई, कारण उघड्या बोटांना वारा लागला तरी आग होई.

अशा बंद मुठींची एक रांग रोज साडेदहाला ओट्यावर उभी राही. पुढे बुटक्या पाटावर गुरुजी बसलेले. समोर पितळी परात, उजवीकडे तेलाची वाटी, डावीकडे ताकाची घागर. ते ताक गावातल्या चार घरांतून ते स्वतः मागून आणत.

"दखाड बरं हात."

मूठ उघडे. लाल, फुगलेली बोटे. गुरुजी आधी तेल लावत. नखांच्या कडांतून, बोटांच्या बेचक्यांतून, इतके सावकाश की घड्याळ त्यांच्यासाठी थांबले आहे असे वाटावे. मग ताकाची धार. परातीत पांढऱ्यावर तांबूस तेलाचे डोळे तरंगत. मग धोतराच्या जुन्या पानाचा मऊ तुकडा.

"काय मोगी, आज किती मिरच्या मारी टाक्यात?"

"मोज्या नहीत, गुरजी."

"मंग आज गनितमा तुले शून्य."

मोगी खुदकन हसे. कोणी घाई करून रांजणाकडे हात नेला, तर गुरुजी तिथूनच ओरडत, "पानी नही! पानी टाकं का आग पयस." पाणी टाकले की आग पसरते. आधी तेल, मग ताक. पाणी सगळ्यांत शेवटी, आणि तेही प्यायला.

मला त्या रांगेचा हेवा वाटे, हे लिहिताना आजही मान खाली जाते. माझे हात थंड होते. पथारीवाल्याच्या मुलीला मिरची शिवायची नसते. एके सकाळी मी पोत्यातल्या दोन मिरच्या चुरडून बोटांना चोळल्या आणि रांगेत उभी राहिले. गुरुजींनी माझा हात धरला, उलटा केला, नखे पाहिली. देठ मोडणाऱ्याची आग नखाखाली असते, माझी तळव्यावर होती.

"हाई मुद्दाम लावेल शे," ते म्हणाले. मी रडण्याच्या बेतात. त्यांनी वाटीत बोटे बुडवली. "तरी पन आग ती आगच. दखाड दुसरा हात."

त्यांच्या बोटांनाही मिरची असे. हे मला पुष्कळ उशिरा, पथारीवर एकदा आबांबरोबर गेले तेव्हा समजले. पहाटेच्या धुक्यात, शेकोटीच्या धुरात, देठ मोडणाऱ्या मुलांच्या ओळीत एक उंच आकृती मांडी घालून बसली होती. कोट नव्हता; खांद्यावर घोंगडी. आबा अवघडून उभे होते.

"गुरुजी, हाई काम तुमनं नही."

"आबा, ह्या पोरं दहाले सुटतीन का?"

"काम सरनं का सुटतीन."

"मंग सरू द्या," असे म्हणून गुरुजींनी पुढची मूठभर मिरची ओढली. टक्, टक्. ते ओळीत बसले की मुलांचा ढीग लवकर सरे, आणि मुले शाळेला वेळेवर येत. एवढाच हिशेब होता. आबांनी त्यांना कधी मजुरी देऊ केली नाही, कारण त्यांनी ती घेतली नसती. आणि कधी चहाही विचारला नाही, का ते मी सांगू शकत नाही.

एकदा कोणी म्हातारा शेतकरी बाजाराला जाताना ओट्यापाशी थबकला. परात, रांग, बाह्या सारलेले गुरुजी, असा सगळा देखावा त्याने काठीवर हनुवटी टेकून पाहिला.

"काय हो, तुम्ही हेडमास्तर का शिपाई?"

"दोन्ही नही, दाजी. मी शाळाना सालदार शे."

"आनि मालक कोन?"

गुरुजींनी तेलकट बोट रांगेवरून फिरवले. "ह्या बठ्ठा. लई कजाग मालक शेतस. आखाजीले ठेवतीन तर ऱ्हासू, नही ते गाठोडं उचलसू."

म्हातारा दात नसलेल्या तोंडाने इतका हसला, की त्याला खोकला आला. आम्हीही हसलो. त्यानंतर ते वाक्य ओट्याचेच झाले. कोणाची बोटे दुखली, की तो म्हणे, "ओ सालदार, तेल आना!" आणि गुरुजी कानाला हात लावून म्हणत, "आनस, मालक."

सालदार म्हणजे काय, हे आमच्याकडे कोणाला सांगावे लागत नसे. वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. त्याचे वर्ष पाडव्याला संपत नाही, दिवाळीला संपत नाही; ते आखाजीला, अक्षय्य तृतीयेला संपते. आमच्या घरी भुरादादा हा सालदार होता. आखाजीच्या सकाळी तो अंघोळ करून, धुतलेले मुंडासे बांधून, गाठोडे खांद्यावर घेऊन अंगणात उभा राही आणि म्हणे, "आबा, मन्हं साल सरनं." माझे वर्ष संपले. आबा सुपारी कातरता कातरता विचारत, "मंग आते कोठे जाशी? ऱ्हाय आठेच." आणि भुरादादा गाठोडे पुन्हा गोठ्यातल्या खुंटीला अडकवी. दर वर्षी तेच दोन शब्द. ऱ्हाय आठेच. इथेच राहा. ते ऐकल्याशिवाय माय पुरणपोळी तव्यावर टाकत नसे. लहानपणी मला वाटे, हे दोन शब्द एखाद्या वर्षी कोणी विसरले, तर वर्ष पुढे सरकणारच नाही.

त्या वर्षी माघात वार्षिक तपासणीला दिपोटी आले. शाळा तपासणाऱ्या साहेबांना तेव्हा सगळे दिपोटीच म्हणत. आठ दिवस आधी भिंतींना चुना लागला, ओट्याच्या कडेला गेरूचा पट्टा. गुरुजींच्या पापण्यांवर चुन्याचे ठिपके वाळून बसले होते. साहेब लांबच्या मुलखातले, गोरेपान, घामेजलेले. त्यांची मराठी आमच्या पुस्तकातल्यासारखी होती, म्हणून आम्हाला ती माणसाच्या तोंडून ऐकताना भय वाटे. खुर्च्यांवर शाळा कमिटीची मंडळी बसली होती. त्यांत आबा होते. साहेबांनी आमच्या सहावीला जागीच निबंध घातला: 'आमचे मुख्याध्यापक'.

मी वर्गात भाषेत पहिली होते. माझ्याकडे शब्द होते. 'निर्मळ', 'तेजस्वी', 'अविरत' असे मी साठवून ठेवलेले शब्द, रंगीत काचांसारखे. ते मी लिहून पाहिले आणि खोडले. त्यांतला एकही गुरुजींना अंगाबरोबर बसेना. एक ढगळ, एक आखूड. टाक दौतीत बुडवून मी बसून राहिले. खिडकीतून ओटा दिसत होता, कोपऱ्यात पालथी घातलेली परात. आणि तिथून तो शब्द उठला, उंबरा ओलांडून आत आला आणि माझ्या वहीत जाऊन बसला. मी त्याला अडवले नाही. मला वाटले, मी आयुष्यात प्रथमच काहीतरी खरे लिहिते आहे.

साहेबांनी वह्या चाळता चाळता माझी उचलली आणि मोठ्याने वाचली. "आमचे मुखाध्यापक शाळेचे सालदार आहेत. ते पहाटे पथारीवर काम करतात. आखाजीला मालक त्यांना पुन्हा ठेवून घेतात." ते थांबले. "सालदार म्हणजे?"

कमिटीतले एकजण म्हणाले, "वर्षाचा गडी, साहेब. शेतावर, पथारीवर बोलीनं ठेवतात तो."

"सरकारी नोकर, आणि गडी?" साहेबांनी खिशातून निळी पेन्सिल काढली. "मुली, हे तुला कोणी सांगितले?"

"गुरुजींनी स्वतः," मी उभी राहून म्हणाले. माझा आवाज अभिमानाने खणखणीत होता. तो खणखणाट अजून माझ्या कानांतून गेलेला नाही.

"ते पथारीवर काम करतात, हे तू पाहिले आहेस?"

"हो."

"कोणाच्या पथारीवर?"

मी आबांकडे पाहिले. आबांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सारली. "आमच्या," ते म्हणाले.

आणखी एक वाक्य बाकी होते. 'पण ते मोबदला घेत नाहीत, मुले शाळेत यावीत म्हणून बसतात.' ते वाक्य खुर्च्यांच्या आणि बाकांच्या मधल्या मोकळ्या जागेत उभे होते. मला दिसत होते, आबांना दिसत होते. कोणी ते उचलले नाही. साहेबांच्या पेन्सिलीने सालदार या शब्दाभोवती निळे वर्तुळ काढले.

"मुख्याध्यापक, आपल्याला यावर काही म्हणायचे आहे?"

गुरुजी फळ्याजवळ उभे होते. कोटाच्या सगळ्या गुंड्या लावलेल्या. थट्टेत बोललो, पोरीने चुकीचे धरले, असे ते म्हणू शकले असते. पण मग साहेबांपुढे, बापापुढे, साऱ्या वर्गापुढे खोटी ठरली असती ती मी. त्यांनी माझ्याकडे पाहिले. ओट्यावर पाहत तसे, हात दाखव म्हणताना.

"मुलीने खरे लिहिले आहे, साहेब," ते पुस्तकी मराठीत म्हणाले. "मुख्याध्यापक या शब्दातला 'ख्या' तेवढा चुकला आहे. तो मी दुरुस्त करून घेईन."

त्या दुपारी कोणीही खोटे बोलले नाही. मी पुष्कळदा तो प्रसंग उलगडून, झटकून, उजेडात धरून पाहिला आहे. त्यात एकही खोटा धागा नाही.

हुकूम चैत्रात आला. मोलगीला बदली. मोलगी तेव्हा आम्हाला नकाशाच्या वरच्या कडेला, कापडाची शिवण होती तिथे, एक गाठ म्हणून ठाऊक होती. धडगावच्या वाटेने डोंगर चढून जायचे, पुढे पायी. बदली झालेला माणूस तिकडून परत येतो का, असे मी मायला विचारले. माय वाटण वाटत होती. तिचा हात थांबला नाही, पण पाट्याचा आवाज बदलला.

आणि आखाजी आली. त्या सणाचा वास आजही मला दारातून येतो: सांजोऱ्यांच्या तळणीचा, आमरसाचा, पितरांसाठी भरून ठेवलेल्या नव्या घागरीच्या ओल्या मातीचा. घागरीवर छोटे मडके, त्यावर खरबूज. निंबाच्या फांदीला झोके बांधलेले. सासरहून आलेल्या मुली गौराईची गाणी म्हणत उंच जात, बांगड्या आणि पाने एकत्र वाजत. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. भुरादादाचा रिवाज नुकताच होऊन गेला होता. त्याचे गाठोडे खुंटीवर, मायचा तवा चुलीवर.

अंगणात गुरुजी आले. कोट घडी घालून हातावर घेतलेला. खांद्यावर गाठोडे.

भुरादादा जिथे उभा राहिला होता तिथेच ते उभे राहिले. आबांनी सुपारी कातरणे थांबवले. झोक्यावरच्या मुली गात होत्या, त्यांना काही दिसत नव्हते.

"आबा," गुरुजी हसले. ओट्यावरचे हसू, त्याच भाषेत. "मन्हं साल सरनं."

थट्टाच होती ती. थट्टेने उत्तर देता आले असते. दोन शब्द होते, घरातल्या भिंतींनाही पाठ असलेले. थोड्या वेळापूर्वी त्याच ओसरीवरून, त्याच तोंडातून निघालेले. त्यांनी हुकूम फिरला नसता. एक माणूस मात्र हसत निघाला असता. आबांचा अडकित्ता उघडा राहिला होता. मी त्यांच्या ओठांकडे पाहत होते. मग मला वाटले, आबा म्हणत नाहीत तर मी म्हणावे. मीही त्या मालकांतलीच एक होते, त्यांनीच तेलकट बोटाने तसे सांगितले होते. शब्द माझ्या घशापर्यंत आला, मिरचीसारखा, आणि तिथेच बसून राहिला.

"बसा, जेवी जा," आबा शेवटी म्हणाले.

"नको. उन्हं व्हतीन." गुरुजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तेलाचा वास आला. "बेटा, तुन्ही वही मन्हाजोडे शे. 'ख्या' नीट करीसन धाडसू." तुझी वही माझ्याकडे आहे, 'ख्या' नीट करून पाठवीन.

ते गेले. माय दारात आली तेव्हा तिच्या हातात केळीच्या पानात बांधलेल्या दोन पोळ्या होत्या, आणि अंगणात कोणी नव्हते. त्या पोळ्या त्या दिवशी कोणीच खाल्ल्या नाहीत. संध्याकाळी गाईपुढे ठेवल्या, तेव्हा त्यांच्यावर निंबाची बारीक फुले पडली होती.

जूनमध्ये नवे हेडमास्तर आले. भले गृहस्थ होते. शिस्तीचे. त्यांचा कोट खुंटीवर कधी गेला नाही, आणि काही महिन्यांत शाळेला शिपाईही मिळाला. परात शिपायाने चुना कालवायला घेतली. मिरचीचा हंगाम आला. पहिले काही दिवस मुठींची रांग सवयीने ओट्यावर उभी राहिली, मग आपोआप विरघळली. मोगी एकदा उशिरा आली, बाकावर बसली आणि लिहिताना तिने त्याच हाताने डोळा चोळला. तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता तसा ऐकला. मी धावत रांजणातून पाणी आणले.

"पानी नको," ती डोळे मिटून म्हणाली. "तू विसरी गई का?"

त्यानंतर ती दिसली ती आमच्या पथारीवर, दुपारी, शाळेच्या वेळेला. मी आबांचा डबा घेऊन गेले होते. तिने मान वर केली, मला पाहिले, आणि पुन्हा ढिगात हात घातला. टक्. टक्. त्याच हिवाळ्यात आबांनी पथारीच्या तोंडाशी शेंगदाण्याच्या तेलाचा डबा ठेवायला सुरुवात केली. ते त्याबद्दल कधी बोलले नाहीत. डबा रिकामा झाला की भरला जाई. तेल होते, ते चोळणारे हात तेवढे नव्हते.

मोलगीला मी गेले ती पुष्कळ वर्षांनी, १९६५च्या सुमारास. तोवर मी स्वतः शिक्षिका झाले होते. वही काही आली नव्हती, आणि ती मागायला जाण्याचे धैर्य मला इतकी वर्षे नव्हते. बाजाराचा दिवस होता. जीपमध्ये माणसांपेक्षा मिठाची पोती जास्त. चढणीवर साग निष्पर्ण उभे, आणि बाजारात शिरताच मोहाच्या फुलांचा जड, आंबूस-गोड वास. बांबूच्या टोपल्यांत वाळलेल्या कैरीच्या फोडी. शाळा म्हणजे शेणामातीने लिंपलेल्या कुडाची एक लांबट खोली. दारात एक तरुण शिक्षक होता. मी गुरुजींचे नाव घेतले.

"तुम्हाला कळलं नाही?" तो म्हणाला. "मागच्या पावसाळ्यात गेले. तापानं. नदीला पूर होता, खाली नेता आलं नाही."

आत भिंतीतल्या खुंटीला तो तपकिरी कोट लटकत होता. काढायला कोणाचा हात धजला नव्हता. त्याच्या गळपट्टीत एक सुई खोचलेली होती, तिच्यात दोरा नव्हता.

"काट्यांसाठी," शिक्षक म्हणाला. "इथली मुलं दोन-दोन डोंगर अनवाणी चालून येतात. गुरुजी सकाळी दारात बसायचे, एकेकाचा पाय मांडीवर घ्यायचे. इथं त्यांना सगळे काट्याचे गुरुजीच म्हणतात."

त्यांच्या पेटीत माझी वही होती. पान पिवळे पडले होते. साहेबांचे निळे वर्तुळ फिकट होऊन जांभळे झाले होते. 'मुखाध्यापक' या शब्दावर लाल शाईने बारीक, सुरेख 'ख्या' काढलेला. दोन ठिकाणी ह्रस्वाचे दीर्घ केलेले, एक अनुस्वार घातलेला. माझ्या लिहिण्यातली एकही चूक त्या माणसाने कधी सोडली नव्हती. वर्तुळातल्या शब्दाला त्यांनी हात लावला नव्हता.

पुढे मीही मुख्याध्यापिका झाले. तीस वर्षे त्या शब्दाखाली सही केली. 'ख्या' कधी चुकला नाही. माझ्या शाळा नीटनेटक्या होत्या, माझ्याविषयी चांगले शेरे आहेत. माझ्या टेबलावर काच होती आणि काचेखाली वेळापत्रक. पण बुटक्या पाटावर मी एकदाही बसले नाही. 'दखाड बरं हात' असे कोणाला म्हणाले नाही. शब्द मला येत होते. पाट कुठे असतो तेही ठाऊक होते.

पथारीच्या कडेला मी किती वेळ उभी होते कोण जाणे. तेल चोळणारी बाई माझ्याकडे पाहत होती. मी चपला काढल्या आणि तिच्या शेजारी ओळीत बसले.

"हात नका लाऊ, माय," ती घाबरून म्हणाली. "तुमले सवय नही. आग व्हई."

"व्हऊ दे," मी म्हणाले. मूठभर मिरची ओढली. टक्. पहिला देठ वेडावाकडा तुटला, बिया नखात गेल्या. टक्. ओळीतल्या बाया थोड्या हसल्या, मग आपल्या कामाला लागल्या. मी माझा लहानसा ढीग संपवला. तिने तेलाची बाटली पुढे केली. मी मान हलवली.

रिक्षा स्टेशनाकडे निघाली तेव्हा बोटांत दिवे लागल्यासारखी आग पेटली होती. आत, नखांच्या मुळाशी, जिथे ती खरी असते तिथे. मांडीवर पाण्याची बाटली होती. मी तिचे झाकण धरले आणि सोडून दिले. दोन्ही मुठी वळून पदरात घेतल्या. पथाऱ्यांचा लाल रंग मागे पडत गेला, वास मात्र बरोबर आला. आग मनगटाकडे सरकू लागली, आणि अंगणातल्या त्या सकाळपासून घशात अडकून बसलेला शब्द अखेर ओठांवर आला.

"ऱ्हाय," मी त्या आगीला म्हटले. "ऱ्हाय आठेच."